थोरली मागच्या सीटवर

हेमांगीचे डोळे मिटलेत, पण कान अजून मिटलेले नाहीत. सुरूच्या झाडांतून वारा सूं करत जातोय, लांब समुद्र आपला धपाधप आपटतोय, आणि मांडीवर डोकं टाकून शर्वरी बारीक घोरतेय. पोर पावणेतीन वर्षांची, पण घोरणं बापाचं. दुपारचे दोन वाजलेत. गाडीची चारी दारं सताड उघडी आहेत, मागच्या सीटवर हेमांगी पाय आखडून बसलीय, आणि तिच्या पोटातलं सहा महिन्यांचं बाळ सोलकढी पिऊन गप्प झालंय. झोप दारापर्यंत येते, डोकावते, परत जाते.

आता गडहिंग्लजची ही माणसं शिरोड्याच्या वाळूत काय करताहेत, असं कुणीही विचारेल. तर ती सकाळी मटण आणायला निघाली होती. रविवार, स्टीलचा डबा, अर्धा किलो मटण, पोरगी रडते म्हणून तिलाही घेतलेलं, एवढाच बेत. पण दुकानापुढं ही भली मोठी रांग. अवधूत, म्हणजे हेमांगीचा नवरा, म्हणाला, आजऱ्यात गर्दी नसेल. आजऱ्यात हेमांगी म्हणाली, एवढं आलोच आहोत तर आंबोली कितीशी लांब आहे. आंबोलीच्या घाटातून खाली काहीतरी निळसर दिसलं. तो समुद्र का नुसतं धुरकं, यावरून दोघांची जुंपली, आणि भांडण मिटवायचं तर खाली उतरणं भागच होतं. डोहाळकरणीची इच्छा मोडू नये म्हणतात, असं वर अवधूतचं शहाणपण. सावंतवाडीत त्याच्या आईचा फोन आला. ती माउली वाटण वाटून डब्याची वाट बघत बसलेली. अजून रांग हाय व्हय रे, तिनं विचारलं. थोडी आहे, असं हा पठ्ठ्या न हसता म्हणाला. मग सुरमईचं ताट झालं, ओल्या काजूची उसळ झाली, पोरीनं वाळूत लोळून घेतलं, आणि आता अवधूत शहाळी शोधायला गेलाय.

सगळं कसं हसतखेळत चाललंय. एकच काटा आहे आणि तो हेमांगीच्या गळ्यात अडकलाय.

शर्वरी तिच्या पोटची नाही. शर्वरीची आई उर्मिला, अवधूतची पहिली बायको, पोर पाच महिन्यांची असताना डेंगीच्या तापानं चार दिवसांत गेली. हेमांगी दीड वर्षापूर्वी या घरात आली. घरात, शेजारीपाजारी, उर्मिलाला थोरली म्हणतात आणि हिला धाकटी. सोप्यात थोरलीचा फोटो आहे, हिरवा शालू, नाकात नथ. रोज संध्याकाळी पोरीला त्याच्यापुढं उभं करतात, आईला जय कर म्हणतात. म्हणजे आई ही फोटोतली. आणि हेमांगी कोण, तर हेमू. बाप हेमू म्हणतो, पोरही हेमू म्हणते. आजवर त्यात काही बिघडलं नव्हतं. पण आता तीन महिन्यांनी दुसरं येईल, ते बोलायला लागेल आणि हिला आई म्हणेल. एका ताटात जेवणारी दोन पोरं, एक आई म्हणणार आणि एक हेमू म्हणणार? सासूबाई म्हणतात, आत्ताच शिकव, नंतर वळण लागत नाही. हेमांगीची जीभ रेटत नाही. मेलेल्या बाईचं घर घेतलं, नवरा घेतला, तिच्या डब्यातलं तिखट खाल्लं, आता तिचा तेवढा एक शब्दही काढून घ्यायचा? असं कसं करायचं माणसानं?

"सरक की जरा."

हेमांगी सरकते. कुणीतरी बाई शेजारी टेकते आणि दार ओढून घेते. फुलाफुलांचा गाऊन, खांद्यावर टॉवेल, केस ओले. भाजीवाल्याची हाळी ऐकून बायका दारात येतात ना, तसा अवतार. हेमांगीला ओळख पटत नाही. मग त्या बाईच्या गालावर उजवीकडं पडलेली खळी दिसते, आणि मांडीवरच्या शर्वरीच्या गालावर उजवीकडं तीच खळी आहे.

"ताई?" हेमांगी म्हणते. "शालू कुठंय तुमचा?"

"टोचतोय गं तो. दोन वर्षं झाली, त्या फोटोत अंग चोरून उभी आहे. इथं कोण बघतंय?"

गाडी चालू लागते. पुढच्या सीटवर कुणी नाही, याचं हेमांगीला काही वाटत नाही. अवधूत पुढं रस्त्यानं चालत निघालाय, हातात डबा, आणि गाडी बैलगाडीसारखी त्याच्या मागून. रस्ता घाटाचा आहे पण दोन्ही बाजूला वाळू आहे आणि वाळूत काजूची झाडं, लाल-पिवळ्या बोंडांनी लगडलेली. थोरली हात बाहेर काढून एक बोंड तोडते, खाते, रस गाऊनवर सांडते आणि टॉवेलनं पुसते.

"आमचे हे..." हेमांगी बोलायला जाते आणि जीभ चावते.

"आपले हे म्हण," थोरली म्हणते, आणि दोघी अशा हसतात की पुढं चालणारा अवधूत कान खाजवतो.

मग काय विचारता. दोन बायका, एक नवरा आणि अख्खा घाट. ओला टॉवेल अजून पलंगावरच पडतो का? पडतो. पाच मिनिटांत आलो म्हणून दीड तासानं येतो का? येतो, आणि वर तुझंच घड्याळ पुढं आहे म्हणतो. फोनमध्ये डोकं घालून हं हं करतो, आणि आपण मध्येच थांबलो तरी त्याचं हं चालूच राहतं. थोरली हसून हसून डोळे पुसते. ती म्हणते, शर्वरीच्या वेळी सातव्या महिन्यात तिला असाच कुठंतरी लांब जायचा डोहाळा लागला होता, तर या महाराजांनी तिला संकेश्वरपर्यंत नेलं आणि उसाचा रस पाजून परत आणलं.

"मटणातली नळी कुणाला देतो आता?" ती सहज विचारते.

"शर्वरीला."

"मला द्यायचा," थोरली म्हणते, आणि अजून एक बोंड तोडते.

हेमांगीला आता राहवत नाही. ती सांगून टाकते की सासूबाईंनी थोरलीचा चांदीचा टाक करून आणला होता, गळ्यात घाल म्हणाल्या होत्या, गेलेल्या पहिलीचा टाक दुसरीनं घालायची जुनी रीत आहे. तिनं आठ दिवस घातला आणि काढून देवघरात ठेवला. राग आला असेल तर माफ करा. थोरली म्हणते, बरं केलंस बाई, उन्हाळ्यात दिवसभर तुझ्या घामात कोण लोंबकळणार?

गाडीचं दार उघडतं आणि त्या दोघी गडहिंग्लजच्या स्वयंपाकघरात उतरतात. कट्टा तोच, मिसळणाचा डबा तोच, पण कट्ट्यापुढच्या खिडकीत समुद्र आहे आणि लाटा बेसिनपर्यंत येऊन मागं जाताहेत. सासूबाई पाठ करून वाटण वाटताहेत. त्या वळत नाहीत. शर्वरी कट्ट्यावर झोपलीय, पाय लोंबकळताहेत, तळव्यांना वाळू. कुणालाच घाई नाही. हेमांगीला वाटतं, विचारायचं तर आत्ताच.

"ताई, तिला मला आई म्हणायला लावू का?" तिचा आवाज बारीक होतो. "तुमचं आहे ते. पण ती एकटीच हेमू म्हणत राहिली तर तिला काय वाटेल, या विचारानं मला झोप लागत नाही."

थोरली कट्ट्याला टेकते. आता ती हसत नाहीये.

"मला ती काय म्हणायची, माहितीये?"

"काय?"

"काही नाही. पाच महिन्यांची होती गं. नुसतं आ करायची आणि लाळ गाळायची. आई हा शब्द माझ्या कानावर कधी पडलाच नाही. मग तो माझा कसा झाला? काय सातबाऱ्यावर चढवलाय माझ्या नावानं?"

"रोज फोटोपुढं म्हणते की."

"फोटोला म्हणते. पुस्तकातल्या हत्तीला हत्ती म्हणते, तसंच. हत्तीला काय कळतंय?" थोरली शर्वरीच्या पायावरची वाळू झाडायला बघते, पण वाळू हलत नाही. "रात्री घाबरून उठल्यावर म्हणतात ती हाक वेगळी. भूक लागल्यावर म्हणतात ती वेगळी. ती मला एकदा ऐकायचीय. आणि ती तू म्हणवून घेतल्याशिवाय मला ऐकू यायची नाही. कळलं का धाकटे? तू दीड वर्ष मान राखत बसलीस आणि मी दीड वर्ष कान लावून बसलेय."

हेमांगीला रडू येतं, अगदी लहान मुलासारखं, नाक गळेपर्यंत. रडता रडताच ती पोटात दाबून ठेवलेली दुसरी गोष्टही बोलून जाते. तिला भीती वाटते, की आपलं बाळ झाल्यावर तेच जास्त जवळचं वाटेल. सगळे म्हणतात तसं होत नसतं. पण झालं तर?

"होईल की थोडं," थोरली म्हणते. "खोटं कशाला बोलू? नऊ महिने आत वागवलेलं असतं. पण मनाचं काय घेऊन बसलीस, हाताचं बघ. एकाला तीट लावलीस की दुसऱ्याला लावायची. एकाला न्हाऊ घातलंस की दुसऱ्याला. हाताला सवय लागली की मन येतं मागनं रखडत. माझ्या आईला आम्ही पाच जणं होतो, तिला कुठं विचार करायला फुरसत होती?"

ती भिंतीवरचा भाकरीचा तवा काढते आणि पालथा करते. तव्याची पाठ चुलीवरच्या काजळीनं काळी कुळकुळीत आहे.

"लाव तीट. एवढ्या लांब आणलंस पोरीला, कुणाकुणाची नजर पडली असेल."

"तुम्ही लावा ना, ताई. तुमची आहे."

थोरली बोट तव्यावरून जोरात फिरवते आणि हेमांगीपुढं धरते. बोट स्वच्छ आहे. पुन्हा फिरवते. पुन्हा स्वच्छ. तिसऱ्यांदा ती फिरवत नाही. तवा नुसता पुढं करते.

हेमांगी बोट फिरवते. पहिलं बोट पेरापर्यंत काळं होतं. ती शर्वरीचा डावा पाय हातात घेते, वाळू झाडते, वाळू झडते, आणि तळव्याच्या खळग्यात ती बोट टेकवते. लाट कट्ट्यावर चढते. सासूबाई वाटण थांबवून कुणाचा तरी आवाज आल्यासारखं कान देतात. थोरली पोरीकडं बघतेय, एकटक, आणि तिच्या गालावरची खळी खोल होत चाललीय.

पोटात आतून सणसणीत लाथ बसते आणि हेमांगी जागी होते.

सुरूची झाडं. उघडी दारं. शर्वरीच्या डोक्यानं मांडीला मुंग्या आल्यात. गाल ओले झालेत ते ती ओढणीनं पुसायला जाते आणि हात तसाच थांबतो. उजव्या हाताचं पहिलं बोट पेरापर्यंत काळं आहे. जेवणानंतर तिनं साबणानं हात धुतले होते, दोनदा, माशाचा वास जाईना म्हणून. त्यानंतर ती या सीटवरून हललेली नाही. ती बोट नाकाशी नेते. करपलेल्या भाकरीचा वास येतो.

ती हळूच शर्वरीचा डावा पाय उचलते. तळव्याच्या खळग्यात, वाळू झाडून स्वच्छ केलेल्या जागी, काळा गोल ठिपका.

गुदगुल्या होऊन पोर जागी होते. आधी स्वतःचा पाय बघते, मग हे बोट.

"हेमू, बोट काळं."

एवढंसं वाक्य, पण ते उचलायला हेमांगीला दोन श्वास लागतात.

"आईनं तीट लावली तुला," ती म्हणते.

शर्वरीच्या कपाळाला आठी पडते. "आई फोटोत."

"ती एक आई. मी एक आई. दोन आहेत तुला."

पोर ते काळं बोट धरून उलटसुलट करून बघते. दोन म्हणजे किती ते तिला येतं. चॉकलेटं दोन मिळाली तर ती का म्हणून विचारत नाही. आत्ताही विचारत नाही. शिवाय तिच्यापुढं त्याहून मोठी अडचण उभी राहिलीय. ती पाय एकमेकांवर दाबते आणि पुटपुटते.

"आई, शू."

अवधूत दोन हातांत दोन शहाळी घेऊन दाराशी पोचलाय. तो जागच्या जागी थांबतो. शहाळ्याचं पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं, ते त्याला कळत नाही.

"काय म्हणालीस?" हेमांगी विचारते. तिचं हसू आणि रडू एकातच आलंय. "मोठ्यानं सांग बघू. लांबच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे."

"कुणाला गं?" अवधूत म्हणतो.

शर्वरी छाती फुगवते आणि अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडते, "आई, शू आलीऽऽ."