मागणाऱ्याचा रकाना

आधीच सांगतो, भूतखेत, चकवा, अंगात येणं यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. चौतीस वर्षं सरकारी रेकॉर्ड रूममध्ये काढलेला माणूस मी... जे कागदावर नाही ते नाही, असा स्वभावच होऊन गेलेला. इथे लोक लिहितात ते अनुभव मी बायकोला वाचून दाखवायचो आणि वर टिंगलही करायचो. आज स्वतःच लिहायला बसलोय, ते नातीमुळे.

नात पुण्यात एका सर्च इंजिनवर काम करते. परवा तिने तिचं काम समजावून सांगितलं. कॉम्प्युटरची मेमरी मर्यादित, सगळे कागद काही हाताशी ठेवता येत नाहीत. म्हणून नुकतेच कोणी मागितलेले तेवढे जवळ ठेवायचे, आणि जागा भरली की ज्याला सगळ्यात जास्त दिवस कोणी विचारलं नाही त्याला बाहेर काढायचं. मी म्हटलं, बाई, हे तर आम्ही महाराष्ट्र नवा नवा झाला तेव्हाच बुलढाणा जिल्ह्यात करत होतो, आणि तेही खोलीत विजेचा दिवा नसताना! ती हसली. मग मी तिला पिंपरीच्या बस्त्याची गोष्ट सांगितली, आणि तिचं हसू थांबलं.

तालुक्याचं नाव मुद्दाम सांगत नाही. कचेरीच्या मागच्या अंगाला लांबट कौलारू खोली, छतापर्यंत चौदा मांडण्या, शिडी एकच. प्रत्येक गावाचे कागद लाल कापडात बांधलेले, त्याला बस्ता म्हणायचं. त्यातच कोतवाल बुकं, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. मी खामगावचा, नवाकोरा कारकून, आणि शिस्तीचा भलता शौक! माझ्या टेबलाच्या डाव्या हाताला मी एक फळी ठोकून घेतली होती. तिच्यावर बरोबर बारा बस्ते मावायचे. नुकताच मागितलेला बस्ता पहिल्या जागेवर, बाकीचे एकेक घर पुढे सरकायचे, आणि बारावा उचलून मांडणीवर जायचा. प्रत्येक बस्त्याची रजिस्टरात नोंद — तारीख, गाव, मागणारा. मागणारा नसेल तर बस्ता जागचा हलणार नाही, हा माझा नियम.

तर एका बाजाराच्या दिवशी महादेवभाऊ आले. वडगावचे, वांगी-मेथी पिकवणारे. पोरगी कमल, आईवेगळी. तिची नर्सिंगच्या ट्रेनिंगसाठी निवड होण्यासारखी होती, पण शाळेत मास्तरांनी जन्मतारीख अंदाजानेच घातलेली आणि त्या तारखेने ती सतरा वर्षांच्या अटीला सहा महिन्यांनी लहान भरत होती. खरी तारीख कोतवाल बुकातून मिळाली तरच फॉर्म जाणार, आणि मुदत महिनाअखेरपर्यंत. मी विचारलं, गाव कोणतं? ते म्हणाले, वडगाव. वडगावचा बस्ता काढला, तीन वर्षांची पानं चाळली... नोंद नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला कुलूप उघडलं, तर फळीवर पहिल्या जागेवर पिंपरीचा बस्ता! रजिस्टरात कोणी मागितल्याची नोंद नव्हती. किल्ली माझ्याच खिशात. संशय गेला तो बस्त्यांची ने-आण करणाऱ्या आमच्या दफ्तरी गणपतकाकांवर. पिंपरीची जागा सर्वांत वरच्या खणात. काका शांतपणे म्हणाले, "बाबूजी, माह्या गुडघ्यायले इचारा, ते शिडी चढतात काय." खरंच होतं ते. मीच चढलो आणि बस्ता वर ठेवून आलो.

पुढच्या बाजारी महादेवभाऊ परत आले. साल मागेपुढे झालं असेल असं त्यांना कोणी सांगितलं होतं, म्हणून आणखी दोन वर्षांची पानं पाहिली. नाही. जाताना मेथीची जुडी टेबलावर ठेवायला लागले, मी घेतली नाही, मलाच ओशाळल्यासारखं झालं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पिंपरी, पुन्हा पहिल्याच जागेवर. आता मात्र मला राग आला. माझ्या फळीवर माझ्याशिवाय कोणाचा हुकूम चालतो म्हणजे काय! बस्ता वर टाकला आणि सुतळीची गाठ दुहेरी मारली.

शेवटच्या बाजाराला महादेवभाऊ आले ते पोरीला घेऊनच. मुदतीला दोन दिवस राहिले होते. कमल दाराशी उभी होती, फॉर्म ओढणीखाली छातीशी धरलेला. मी त्यांच्यासमोरच कुलूप उघडलं... आणि फळीवर पिंपरी. गाठ दुहेरी, जशीच्या तशी.

मी वैतागून बोललो, "हा पिंपरीचा बस्ता सारखा मागतंय तरी कोण?"

महादेवभाऊ म्हणाले, "पिंपरी तं माही सासुरवाडी व्हय, बाबूजी."

माझ्या हातातली किल्ली तशीच राहिली. मी विचारलं, हिच्या वेळचं बाळंतपण कुठं झालं?

"तिच्या मायच्या मायेरीच. पहिलं हाय ना ते. तुम्ही गाव इचारलं, मी माहं सांगतलं."

चूक सगळी माझी. जन्म कुठं झाला हे विचारायचं सोडून मी नुसतं गाव विचारत बसलो होतो. बस्ता सोडला. दहा मिनिटांत नोंद सापडली — मुलगी, बाप महादेव राहणार वडगाव, आई अनसूया. तारीख स्पष्ट. कमल सतरा पूर्ण करून वर दोन महिन्यांची होती! तिने ती ओळ बोटाने वाचली, आईच्या नावावर बोट थांबलं, आणि ती रडता रडता हसली. नक्कल मी तेव्हाच लिहून दिली. त्या दिवशी मेथीची जुडीही घेतली, आणि घरी तिची पीठ पेरून केलेली भाजी इतकी गोड लागली की बास. कमल नर्स झाली. जिल्ह्यातच नोकरी केली, आणि दिवाळीला तिचं पत्र यायचं.

त्यानंतर पिंपरीचा बस्ता आपणहून कधीच फळीवर आला नाही. कौलं, दार, किल्ली, सगळं तपासलं. उत्तर तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

नातीने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "पण आजोबा, कोणी मागितल्याशिवाय तो पहिल्या जागेवर येणारच नाही. तुमचाच नियम ना?"

हो, माझाच नियम. म्हणून त्या संध्याकाळी रजिस्टर बंद करताना मी बराच वेळ अडलो होतो. तारीख लिहिली, गाव लिहिलं. महादेवभाऊंनी तर पिंपरी कधी मागितलीच नव्हती. मग मागणाऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, अनसूया. चौतीस वर्षांच्या नोकरीत एवढी एकच नोंद मी मागणाऱ्याला न पाहता केली, आणि ती खोडावी असं मला कधी वाटलं नाही.