चाळीचा टाय

मागच्या सोमवारी आमच्या कारखान्यात नोटीस लागली, की यापुढे ऑफिसर लोकांनी टाय बांधायची गरज नाही. मुंबईचे नवे साहेब स्वतःच बाह्या दुमडून, कॉलर उघडी टाकून फिरतात. म्हणाले, फिरत्या मशीनजवळ गळ्यात लोंबतं फडकं घेऊन जाणं हा शुद्ध वेडेपणा आहे. मग काय, कॅन्टीनमध्ये दिवसभर तोच विषय. कोणी म्हणालं, बरं झालं बाबा, सिल्वासाच्या उकाड्यात हा गळफास सांगितलाय कुणी. कोणी म्हणालं, टाय गेला की साहेब आणि हेल्पर यांच्यात फरक तो काय उरला? स्टोअरमधले गुजराती काका म्हणाले, लग्नातल्या फेट्यासारखा ठेवा, वर्षातून एकदा. मग सगळे माझ्याकडे वळले. "तुम्ही का गप्प? तुम्ही तर इतकी वर्षं बांधताय!" मी चहात बिस्किट बुडवून बसलो होतो. ते तुटून तळाशी गेलं तरी माझं लक्ष नव्हतं.

टाय असावा की नसावा यावर मत द्यायचा मला अधिकार नाही. का नाही, ते सांगतो. आता लपवून तरी काय मिळवायचं राहिलंय?

ऐंशीचं दशक संपत आलं होतं, म्हणजे आता आठ-नऊ वर्षं झाली त्याला. मी आणि माझा एक सोबती, दोघं इथल्याच सामरवरणीच्या पत्र्याच्या चाळीत एका खोलीत राहायचो. दोघंही खानदेशातले; तो अमळनेरकडचा, मी धुळ्याकडचा. दोघंही पॉलिस्टरचं सूत काढणाऱ्या या एकाच कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा, लग्न झालेला. बायको आणि पाच वर्षांची मुलगी गावी, त्याच्या आईजवळ. मी सडाफटिंग. तो शेवेची भाजी अशी झणझणीत करायचा की शेजारचे ओडिया कामगार दारात येऊन शिंकायचे. मला कधी नावानं हाक मारली नाही त्यानं. कायम "भो", आमच्याकडचं भाऊ.

कामात तो वाघ होता. कामगार कधीकधी मशीन थांबवून तंबाखू मळायला मिळावी म्हणून मुद्दाम धागा कापायचे आणि ओरडायचे, "टूट गया साब!" हा शांतपणे जायचा, धाग्याचं टोक बोटांत धरून उजेडाकडे करायचा. आपोआप तुटलेलं टोक पिंजारतं. कात्रीनं कापलेलं साफ असतं. "काटा है," एवढंच म्हणायचा आणि पुढे चालू लागायचा. वर कधी तक्रार केली नाही, पण अख्खी शिफ्ट त्याला वचकून असायची.

आता टायचं. आमच्या चाळीत एकच टाय होता. मरून रंगाचा, बारीक तिरक्या रेघांचा. मुंबईचा एक केमिस्ट काही महिने राहून गेला होता, तो जाताना खिळ्यावर विसरला, गाठ मारलेलाच. ती गाठ मारायला चाळीत कोणालाही येत नव्हती. आमच्या शाळेत कुठले आलेत टाय! त्यामुळे चाळीचा नियम असा, की गाठ सोडायची नाही. फास मोठा करायचा, डोक्यावरून घालायचा, काम झालं की तसाच काढून पुढच्याला द्यायचा. नोकरीच्या मुलाखतीला तोच, मुलगी बघायला जाताना तोच, किल्वणी नाक्यावरच्या स्टुडिओत फोटो काढायलाही तोच. एकदा दादरा गावच्या एका लग्नात तो इतक्या जणांच्या गळ्यात फिरला, की गाठ सुटायलाच आली. तेव्हा माझ्या सोबत्यानं कारखान्यातलं सूत सुईत ओवून गाठीच्या मागून दोन टाके घातले. म्हणाला, "आता बापजन्मात सुटत नाही."

त्याच वर्षी शिफ्ट इन्चार्जची एक जागा निघाली. त्या जागेबरोबर कंपाऊंडमधलं दोन खोल्यांचं क्वार्टर मिळायचं. माझ्या सोबत्याला हवं होतं ते क्वार्टरच. आमच्या चाळीत सगळे एकटे पुरुष, बायकामाणसांना आणण्याजोगी ती जागाच नव्हती, आणि त्याच्या आईनं ठणकावून सांगितलं होतं, "धड घर असेल तर सून-नात पाठवीन, नाहीतर नाही." त्यानं क्वार्टरपासून शाळा किती लांब हे चालून बघितलं होतं. मुलीला पत्रातून कळवलंही होतं, की खिडकीतून आंब्याचं झाड दिसतं. जागा त्यालाच मिळणार हे पहारेकऱ्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. माझा अर्ज तर त्यानंच भरून दिला. "भर रे भो, सराव होईल तुला."

सराव! मला तो शब्द लागला. खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटायचा, आणि त्याचंच रांधलेलं खाऊन वाटायचा.

मुलाखतीला मुंबईहून दोन साहेब आले. टाय हवाच, असं आधीच सांगून ठेवलं होतं. यादीत मी आधी, तो माझ्यानंतर. ठरलं असं, की मी बाहेर आलो की टाय त्याच्या गळ्यात. माझी मुलाखत बेताचीच झाली. मशीनच्या तापमानाचा प्रश्न विचारला, मी चाचरलो. उठताना एक साहेब हसून म्हणाले, "तुमच्यापेक्षा तुमच्या पार्टनरचंच नाव जास्त ऐकलंय आम्ही."

मी तडक बाथरूममध्ये गेलो. टाय डोक्यावरून काढला. सुपरवायझरच्या खिशात धागा कापायची छोटी कात्री असतेच. गाठ उलटी केली, दोन्ही टाके कापले आणि टोक ओढलं. क्षणात त्याची सरळ पट्टी झाली. माझा हात थरथरला नाही, हे मुद्दाम सांगतो. उगाच कोणी माझी कीव करू नये.

तो बाहेर उभा होता. पांढरा शर्ट, केस पाणी लावून चापून बसवलेले. मी म्हणालो, "अरे, टाके उसवले रे! काढताना सुटलाच." त्यानं टाय हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. कपाळाला आठी पडली. मग म्हणाला, "बरं. बघू." दहा मिनिटं होती. त्यानं बैलाचं दावं बांधतात तशी काहीतरी गाठ मारली. लिंबाएवढी झाली. एक टोक छातीवर, दुसरं पँटच्या पट्ट्यात खोचलेलं. "कसं दिसतंय रे भो?"

"झकास," मी म्हणालो. "जा."

आत काय झालं ते त्यानंच नंतर सांगितलं. एक साहेब रुमालात तोंड लपवून हसले. दुसऱ्यांनी विचारलं, "हे कोणी बांधून दिलं?" मग याचा हात जो गळ्याशी गेला तो खाली आलाच नाही. झोपेत विचारलं तरी जी उत्तरं द्यायचा, ती जिभेवर येईनात. पुढच्या आठवड्यात बोर्डावर नाव लागलं ते माझं.

कोणी म्हणेल, टायवरून कोणाची जागा जात नसते. मीही स्वतःला हेच सांगत आलो. पण केसानं गळा कापला तो कापलाच की. गळा त्या केसानं कापला गेला की आणखी कशानं, यावर वाद कसला घालायचा?

माझी ट्रंक नव्या क्वार्टरवर त्यानंच आणून टाकली. आंबा दाखवला मला खिडकीतून. दोन खोल्यांत मी एकटा; आतली खोली कितीतरी महिने मी उघडलीच नाही. पुढे मुंबईचे साहेब पहिल्यांदा यायचे होते, त्या सकाळी तो दारात हजर. हातात तोच टाय. नाक्यावरच्या फोटोवाल्याकडे चार संध्याकाळी बसून गाठ शिकून आला होता. "तुला आता नेहमी लागणार ना. ये इकडे, मान वर कर."

मी मान वर केली. आणि मग साहेब यायचे असले की दर वेळी तो यायचा, आणि दर वेळी मी मान वर करायचो. मी शिकायला हवं होतं. शिकलो नाही. ती गाठ स्वतःच्या हातानं मारायची माझी हिंमत नव्हती. त्याची बोटं माझ्या गळ्याशी, त्याचा श्वास माझ्या हनुवटीवर, आणि मी छताच्या पंख्याकडे बघत उभा. चोराच्या मनात चांदणं! गाठ वर सरकवताना तो जरा थांबायचा. मला वाटायचं, आता आवळतोय. तो फक्त कॉलर नीट करायचा.

त्याला क्वार्टर मिळालं ते सात वर्षांनी. मुलगी आली तेव्हा बारा वर्षांची होती. दिवाळी आणि उन्हाळ्यात येणारा माणूस म्हणूनच ती बापाला ओळखत होती. तो खोलीत आला की ओढणी सावरून उठून उभी राहायची. काही विचारायचं असलं तर आईमार्फत, "त्यांना विचार ना." गावी येणाऱ्या पाहुण्याशी मुली वागतात तसं. मी हे सगळं बघत होतो, वहिनींच्या हातचा चहा पीत.

तर मागच्या सोमवारी ती नोटीस लागली. संध्याकाळी मी टाय खिशात घालून त्याच्याकडे गेलो. आम्ही दोघं बाहेर पायरीवर बसलो. आत वहिनी भाकरी थापत होत्या, मुलगी अभ्यास करत होती. तो हसून म्हणाला, "सुटलास रे भो." मी टाय काढून मांडीवर ठेवला आणि म्हणालो, "ते टाके उसवले नव्हते. मी कापले होते."

तो समोरच्या रस्त्याकडे बघत होता. म्हणाला, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. टोकं बघितली ना मी. साफ होती."

इतकी वर्षं याच माणसाला उजेडात धाग्याची टोकं बघताना बघितलं, आणि हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? का आलं होतं, आणि मी येऊ दिलं नाही? मी कसंबसं विचारलं, "मग गाठ बांधून द्यायला का येत राहिलास?"

तो म्हणाला, "इतक्या जवळ उभं राहिल्यावर माणूस बोलेल, असं वाटायचं. दर वेळी वाटायचं, आज सांगेल. मग साहेबांची गाडी यायची."

मला माफ कर, म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात आतून त्याच्या मुलीचा आवाज आला, "आई, त्यांना जेवायला बोलव."

"आलो," तो म्हणाला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. एरवी मी कधीही गेलो तरी "चल रे भो, जेवून जा" म्हणायचा. त्या दिवशी म्हणाला नाही.