आधी खाटेखाली, मग खाटेवर

आमच्या घरात आली की शेजारीण आधी वाकून खाटेखाली बघायची आणि मग खाटेवर. खाटेखाली तिची काळी कोंबडी बसलेली असे, खाटेवर माझी आई. दोघींना मिळून तिचा एकच प्रश्न असे, "उठली होती का वं आज?"

"तिचं बरं हाये," आई म्हणायची. "मन झालं का उठते, दाणे खाते, फिरून येते. मले कोण उठू देते!"

मग दोघी हसत. मी स्वयंपाकघरात कुकरपाशी उभी राहून ते हसणं ऐकत असे.

अशी माणसं तुमच्याही शेजारी असतील. दार वाजवणं त्यांना माहीत नसतं. अकोल्याच्या जुन्या शहरात आमची दोघींची घरं एका भिंतीची. सकाळी ती बाजारात भाजी घेऊन बसायची, दुपारी परतायची. मेथी-पालकाच्या जुड्या बांधून तिची बोटं हिरवट झालेली असत आणि अंगाला ओल्या पोत्याचा वास येई. मी कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. तिला मी मावशी म्हणे, ती मला मॅडम म्हणे. त्या 'मॅडम'मध्ये मान किती आणि चिमटा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आई न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय खाटेवरून उठायचं नाही असं ठरलं. मी रजा काढली. औषधं, अंग पुसणं, वेणी घालणं, भांडं देणं, सगळं मीच करत होते. माझ्याशी आई "बरं", "झालं", "असू दे" एवढंच बोले. शेजारीण आली की मात्र आईला बोलायला दिवस पुरत नसे. कोणाच्या सुनेनं काय केलं, भातकुली गावाकडे लहानपणी कोणत्या विहिरीवर काय झालं, असं काहीबाही निघे. दोघींचं माहेर एकाच बाजूचं. मी चहा घेऊन गेले की बोलणं थांबायचं. कप खाली ठेवून मी वळले, की पुन्हा सुरू व्हायचं, थोडं हळू आवाजात.

त्याच दिवसांत तिची काळी खुडूक झाली, अंडी उबवायला जागा शोधू लागली. आमच्या घरात शिरली आणि खाटेखालच्या जुन्या लुगड्यांच्या टोपलीत जाऊन बसली. मी झाडू उचलला.

"राहू दे तिले," आई म्हणाली. "मी पडेल हाये, ते बसेल राहीन. सोबत होईन मले."

सोबत! मी झाडू हातात धरून तिथेच उभी होते.

शेजारीण पदरातून अंडी घेऊन आली आणि एकेक करून कोंबडीच्या पोटाखाली सरकवली. "आता काय बाई, रोजचं येणं आलं मले," ती म्हणाली. जणू याआधी येतच नव्हती!

सुरुवातीला काळीचा थाट होता. जवळ कोणी गेलं की ती अंग फुलवून गुरगुरायची आणि हाताला चोच मारायची. मला दोनदा मारली. शेजारणीला नाही.

पुढे ती मरगळली. दाणे खायला उठेना, तुरा फिका पडला, डोळे अर्धे मिटलेले. मी झाडायला खाटेखाली हात घातला, तरी गुरगुरली नाही.

"मावशी, कोंबडी आजारी आहे," मी म्हटलं.

"खुडूक कोंबडी अशीच राह्यते, मॅडम. तुमच्या पुस्तकात नसन ते."

"आईच्या खाटेखाली आजारी पाखरू नको. घरी घेऊन जा तिला."

आई माझ्याकडे बघत होती. "कोंबडी नाई सलत तुले," ती म्हणाली आणि हनुवटीनं शेजारणीकडे दाखवलं. "हे सलते."

शेजारणीनं कमरेवर हात ठेवले. मग म्हणाली, "घ्या! मी का सवत हाये तुमची, मॅडम?"

आई एवढी हसली की तिचा खुबा दुखला. मला हसू आलं नाही. मी खाली बसले, टोपली ओढली आणि काळीला दोन्ही हातांनी उचलून शेजारणीसमोर धरली. कोंबडी हलकी फूल झाली होती. तिनं पंखसुद्धा फडफडवले नाहीत.

शेजारणीचा चेहरा उतरला. तिनं शेपटीखालची पिसं फुंकरीनं बाजूला केली. कातडीवर उवा वळवळत होत्या, दाटीनं.

"अवं माय! अन् मी रोज वरूनवरून पाहून राह्यली," ती म्हणाली. ओरडली नाही. काळीला तिनं छातीशी धरलं. "रगत पेली ना वं तुह्यं... धरा मॅडम, राख आणतो मी."

"अन् अंडे?" खाटेवरून आई म्हणाली. "थंडे होतीन ना ते!"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मला काही समजायच्या आत शेजारणीनं टोपलीतली अंडी एकेक करून पुसली आणि आईच्या गोधडीत दिली.

आम्ही अंगणात बसलो. ती कोंबडी धरून होती, मी पिसांच्या मुळाशी चाळलेली राख चोळत होते. माझ्या बोटांखाली काळीचं काळीज धडधडत होतं. शेजारीण तिच्याशी सारखी बोलत होती, लेकराशी बोलावं तशी. मध्येच मला म्हणाली, "हात हलका हाये तुमचा." मी राख चोळत राहिले. मग तिनं भिजवलेली ज्वारी एकेक दाणा करून काळीच्या चोचीत घातली. गुळाचं पाणी हवं होतं, म्हणून मी आत गेले.

आई कुशीवर वळली होती. एरवी जरा हलवलं तरी विव्हळणारी आई स्वतःहून वळली होती. गुडघे किंचित पोटाशी घेतलेले, हात गोधडीखाली. त्या हाताचा गोल वरूनही दिसत होता.

"हळू चाल," ती कुजबुजली. "दार लोटून घे, वारा येते."

आईनं मला असं पोटाशी घेतल्याला किती वर्षं झाली असतील? मी गूळ शोधत राहिले. डबा समोरच होता. माणसाला शेजारणीचा हेवा वाटतो, ते एक वेळ समजण्यासारखं आहे. मला त्या अंड्यांचा हेवा वाटत होता.

शेजारणीनं जुनी लुगडी जाळली, नव्या टोपलीत तणस आणि कडुलिंबाचा पाला घातला. ऊन उतरताना काळी स्वतःच्या पायांनी आत आली. अंडी परत देताना आईनं प्रत्येक अंडं गालाला लावून पाहिलं. काही अंडी वाया गेली, पण काहींतून पिल्लं निघाली. ती घरभर फिरू लागली, तोवर आईही वॉकर धरून उभी राहिली होती. शेजारणीचं येणं काही कमी झालं नाही. मला वाटलं होतं, होईल.

या हिवाळ्यात शेजारीण गेली. बाजारात भाजीपुढे बसल्याबसल्या शेजारच्या पोत्यावर मान टेकली, एवढंच.  निरोप ऐकून आई म्हणाली, "मले ने तिच्याकडं."

मी आईला धरून शेजारी नेलं. आई तिच्या उशाशी बसली आणि मला हातानंच बाहेर जायला सांगितलं.

ओट्यावर शेजारणीची लेक बसली होती, अमरावतीहून नुकतीच आलेली. रडून डोळे सुजलेले. मी जवळ बसले, तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही, पण माझ्याकडे पाहिलंही नाही.

"माही माय," ती म्हणाली, "अन् राहे तुमच्या घरी. मी फोन केला का म्हणे, थांब वं, मांगून करतो, शेजारच्या बाईकडं जाऊन राह्यली. माह्याशी बोलाले तिले कधी येळ भेटला नाई."

माझा हात तिच्या पाठीवर तसाच राहिला.

"काय बोलत जाय वं ते तुमच्या घरी?" तिनं विचारलं. "तुमी तं तिथीच राह्यत असान."

"मी आले की थांबायच्या," मी म्हणाले.

तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. आतून आईचा आवाज यायला लागला, हळू, एकसारखा, मध्ये थांबत, जणू समोरून उत्तर येत आहे. आम्ही दोघी एकदमच उठलो आणि दाराशी जाऊन उभ्या राहिलो. शब्द काही ऐकू येत नव्हते.