श्रावणच्या बंदुकीत बारूद नव्हती

श्रावण गेल्याचं मला दुकानातच कळलं. चांदीची तार ओढत बसलो होतो. पायरीवरून कुणीतरी म्हणालं, "बारूदवाला गेला ना बाप्पा सकाळी." 'श्रावण गेला' नाही म्हटलं. बारूदवाला म्हटलं. मी मान हलवली आणि तार ओढत राहिलो... पुढे शोकसभा झाली. निवडणूक जवळ आलेली, त्यामुळे तालुक्यातले एक वजनदार गृहस्थ स्वतःहून आले आणि हार घालून बोलायला उभे राहिले. "आमचा बारूदवाला श्रावण! बंदुकीत बारूद भरून फुगे फोडाचा लेकाचा, पण मानूस दिलदार!" सभा हसली. शोकसभेत लोक हसले! समोर सतरंजीवर श्रावणची बायको सुगंधाबाई बसली होती. ती हसली नाही. मी दुसऱ्या रांगेत होतो. अंगाची लाही झाली, पण तोंडातून शब्द निघाला नाही. माझी ती जुनीच खोड. आज लिहितो आहे, कारण त्या हसण्यानंतर मला जेवण गोड लागलेलं नाही.

श्रावण आणि मी दारव्ह्याच्या एकाच शाळेत होतो. मी वर्गात, तो दाराशी. वय एक, तरी तो मला 'तुम्ही' म्हणायचा नि मी त्याला 'तू'. छप्पन साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि पाटलाच्या दारात उभं राहून त्याने सांगून टाकलं, "आजपासून मेलेलं ढोर ओढनार नाही." गावाला ते झोंबलं. मग खायचं काय? त्याने नागपूरच्या जुन्या बाजारातून हवेच्या दाबावर चालणारी छर्ऱ्याची एक बंदूक आणली, फळीवर रंगीत फुगे लावले आणि आठवडी बाजारात खेळ मांडला. कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला येणारी पोरंसोरंही त्याच्या फळीपुढे थांबत. खेळ चालला. आणि मग बारीक छर्रा बाजारातून गायब झाला.

"वसंतभाऊ, बंदुकीची नळी बारीक, अन् दुकानात भेटते तो छर्रा मोठा. बंदुकीले आता खाऊ काय घालू?" माझ्या पायरीवर बसून तो म्हणाला. त्याची नजर माझ्या जंतरावर होती. जंतर म्हणजे सोनाराची पोलादी पट्टी, ओळीने लहान होत जाणाऱ्या भोकांची. तिच्यातून ओढत ओढत तार बारीक करतात. "याच्यातून नाही निंगनार?"

"शिसं? जंतरातून? माझा बाप सरगातून उतरून ठोकंल मले!" मी म्हणालो. गंमत नव्हती ती. शिशाचा कण सोन्यात गेला तर सोनं तडकतं. सोनार शिशाला हत्याराजवळ फिरकू देत नाही. पण श्रावण उठेचना. "तुमच्या बापाले मी समजावतो. मले तं तिकडं तुमच्याआधीच धाडतील." शेवटी एक घासलेलं जुनं जंतर मी त्याच्यासाठी वेगळं काढलं.

छर्रा दिसायला डमरूसारखा. कंबर बारीक, मागून पोकळ. पहिल्यांदा आम्ही तो शेपटीकडून घातला, तर मागचा घेर चिरून फुलासारखा उघडला. मग डोक्याकडून घातला, मागे बोथट खिळा लावून हलकी हातोडी मारली. एका दमात मोठ्या भोकातून लहानात गेला की वाकायचा, म्हणून टप्प्याटप्प्याने तीन भोकांतून काढला. कोरडा अडकायचा, म्हणून तारेला लावतो तसं जवसाचं तेल लावलं. मग दुकानामागच्या पडीत जागेत खोक्याची फळी उभी करून तिच्यापुढे आगपेटी ठेवली. पुसलेला छर्रा 'टप्' करून सरळ जायचा, आगपेटी पाडायचा, फळीला नुसता खळगा. तेलाचा छर्रा घातला आणि... फाट्! नळीतून धूर निघाला, छर्रा आगपेटीच्या वरून गेला आणि फळी आरपार. श्रावण पोटभर हसला. "हा तं बोलते भाऊ! डायरेक शिव्याच देते!" मग त्याने नळी बिजागरीवर दुमडून वास घेतला आणि हसणं थांबवलं. "नाही. हवा दबली का तेल अंदर जळते. स्प्रिंग तुटंल, लेकरं भेतील, नेमही जाते. पुसूनच देत जा बरं." मी हो म्हणालो.

आणि नाही पुसलं. लग्नसराई होती, हाताखाली काम तुंबलं होतं. आम्हा सोनारांना तेल पुसायची सवयच नाही. ओढलेली तार पुन्हा आगीत तापवायची असते, तेल तिथे आपोआप जळून जातं. शिसं आगीत घालत नाहीत, हे कळायला का मोठी अक्कल लागते? जत्रेसाठी डबा भरून छर्रे हवे होते. मी तसेच तेलकट भरले आणि हातात दिले. म्हटलं, "पुसले."

त्या जत्रेचं नाव लिहीत नाही. मीही घरच्यांना घेऊन गेलो होतो. श्रावणने गर्दी जमवायला पहिला बार स्वतः काढला. फाट्! धूर. एक पोरगं रडायला लागलं. जत्रेचे पंच धावून आले, आणि त्यांच्यात पुढे हेच शोकसभेतले गृहस्थ, तेव्हा तरुण. "बारूद भरते हा! कालपावतर ढोरं ओढे, आज यायले बंदुका पाह्यजे!" श्रावण सांगत होता, "तेल हाय मालक, तेल हाय." ऐकतो कोण? मग त्यांची नजर माझ्यावर पडली. माझं जुनं गिऱ्हाईक ते. "सोनार, तुम्ही तं आगीतले मानसं. सुंगा बरं." नळी माझ्या नाकाशी आली. एक वाक्य पुरे होतं. तेल माझं आहे, एवढंच. मी म्हणालो, "जळल्याचा वास तं येते."

पंचांनी बंदूक दगडावर आपटून तोडली. फुगे पायांखाली फुटत होते, तो आवाज अजून कानात आहे. पोलिसांनी त्याला नेलं, पण काहीच सापडलं नाही, म्हणून सोडून दिलं. पण सुटल्याची बातमी कुणाला हवी असते? नाव पडलं ते पडलंच. कुठल्याही जत्रेत त्याला पुन्हा जागा मिळाली नाही. उरलेली वर्षं त्याने कापसाच्या जिनिंगमध्ये रुईच्या धुळीत काढली आणि त्या धुळीनेच छाती खाल्ली. एक निर्मळ, हसरा खेळ या लोकांनी मोडला, कारण खेळणारा त्यांच्यापुढे वाकायचा थांबला होता. आणि हातोडा मी पुरवला.

काही महिन्यांनी तो पायरीशी आला. बसला नाही. "पुसले नव्हते ना?" मी खाली बघितलं. "मी बोंबलून सांगतलं, कोनी ऐकलं नाही. तू एक डाव बोलला असता तं ऐकलं असतं." एवढंच बोलून गेला. त्यानंतर रस्त्यात भेटला तर मान हलवायचा. पायरीवर मात्र कधी आला नाही.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी जंतर कापडात गुंडाळून सुगंधाबाईकडे गेलो. सगळं सांगितलं. ती चूल फुंकत होती, फुंकणी खाली ठेवली. "मले कायले सांगता? मले मालूम होतं. काल चार लोकांत काहून नाही बोलले? हसले तवा उभं राहाचं होतं." मी जंतर पुढे केलं. तिने हात लावला नाही. "ते तुमच्याच घरी राहू द्या."

म्हणून चार लोकांत सांगतो, आणि ते गृहस्थही वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात. श्रावणच्या बंदुकीत बारूद नव्हती. ते जवसाचं तेल होतं आणि ते माझं होतं. यापुढे कुणी त्याला बारूदवाला म्हटलं, तर माझ्या दुकानासमोर येऊन म्हणावं.

जंतर माझ्या बैठकीसमोरच्या देवळीत आहे. तीन भोकांच्या कडांना अजून शिशाची करडी झाक आहे. सोन्याला ते आता कधीच चालायचं नाही. आणि मी, तार ओढून झाली की कापसाचा बोळा घेऊन ती टोकापासून टोकापर्यंत पुसतो. तिला लगेच आगीत जायचं असतं, पुसायची काही गरज नसते. गिऱ्हाईक विचारतं, "काहून पुसता सोनारबुवा, जळनारच हाय ना ते?"

आजवर मी गप्प राहायचो. आता सांगतो.