टागालोग म्हस

“आधी शुद्ध मराठीत विचारा. मग उत्तर देतो.”

वकीलसाहेब एवढंच म्हणाले. सभा अशी हसली की तिकडं हिंडलग्याच्या तुरुंगातले कैदी दचकून उठले असतील. वरची दोन कौलं तर माझ्यादेखत सरकली.

इंग्रजाच्या राज्यातली गोष्ट. बेळगावात व्याख्यानं व्हायची. आम्ही अनगोळचे शेतकरी जाजम अंथरायचो. त्या बदल्यात दाराशी उभं राहून ऐकायला मिळायचं. बसायचे दुसरेच.

त्या दिवशी व्याख्याते वकीलसाहेब, विषय फिलिपाईन्स. तिथं अमेरिकेचं राज्य. बेटं लई, भाषा लई. तिथल्याच पुढाऱ्यांनी म्हणे साऱ्या देशाची एक भाषा निवडायला समिती नेमली. समितीचा अध्यक्षच दुसऱ्या भाषेचा, तरी राष्ट्रभाषेचा पाया म्हणून निवडली मनिलाच्या आसपासची टागालोग. “कष्टकऱ्यांच्या तोंडची जिवंत बोली!” म्हणत वकीलसाहेबांनी टेबलावर मूठ आपटली. टाळ्या.

मग मी विचारलं, “सायेब, बाकीच्या भाषांची मानसं गप कशी ऱ्हायली? त्येंच्या बोलीचं फुडं काय झालं?”

त्यावर ते शुद्ध मराठीचं उत्तर.

राग नंतर आला. आधी आला हेवा. टागालोगचा! कधी कानानं ऐकली नाही, तरी सवत घरात आल्यागत जळलो. तिकडं मनिलाजवळ माझ्यासारखाच कुणी चिखलात नांगर धरत असेल. त्याच्या आईनं त्याला शिवी हासडली, तर ती राष्ट्रभाषेत. त्याची म्हस हंबरली, तरी राष्ट्रभाषेत. आणि मी? मिशा आलेला, लग्न झालेला गडी. माझ्या आईची भाषा माझ्याच गावात हसायची वस्तू.

जळत उभा होतो आणि दुसरा नांगऱ्या डोळ्यांपुढं आला. पलीकडच्या बेटावरचा. टागालोग न येणारा. त्यालाही एखाद्या सभेत कुणी म्हणालं असेल, आधी नीट विचार. माझा प्रश्न त्याचाच होता. हसले ते आम्हा दोघांनाही.

सभा संपली. वकीलसाहेबांनी माझ्याकडं बोट केलं. “अरे, जाजम उचल.”

“उचलतो की. खरं आदी माझ्या मराठीत सांगा, मग उचलतो.”

आता कुणी हसलं नाही. माझ्यासोबतचा आप्पा कुजबुजला, “गप रं, उद्यापासनं दारातबी उभं करायची न्हाईत.”

मी दारातनं आत गेलो. जाजमाच्या मधोमध मांडी घातली. उभ्या जन्मात पहिल्यांदा.

“सवाल तसाच हाय, सायेब.”

ते चपला घालून निघून गेले. जाजम तिथंच राहिलं. मी त्याला हात लावला नाही, पुन्हा कधीच लावला नाही.

तेव्हापासनं सभा कुणाचीही असो, मी आत बसतो आणि विचारतो. ह्याच भाषेत. कौलं सरकू देत. छप्पर खाली आलं तरी मी उठणार न्हाय.