घोड्याच्या घरात

भरे गावात मी भाड्यानं राहायचो तेव्हा घरमालकांच्या एका रिकाम्या खोलीत आमचा बुद्धिबळ क्लब चालायचा. नोकरी हिंजवडीला, गाव लातूरकडं. दिवसभर ऑफिसात कुणाशी धड बोलणं नाही. शनिवारची ती खोली नसती तर मी केव्हाच राजीनामा देऊन गाव गाठलं असतं.

पण शेजारच्या लवळ्याच्या कॉलेजांमुळं खोल्यांना भाव आला होता. मालकीणबाई रोज कुरकुरायच्या. शेवटी क्लब लीगच्या शेवटच्या मॅचआधी मालक, म्हणजे आमचे कॅप्टन, सगळ्यांसमोर बोलून बसले, "जिकलो तर खोली क्लबाची. न्हाई जिकलो तर दिली भाड्यानं." त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मॅच लवळ्याच्या विद्यार्थ्यांशी, त्याच खोलीत. माझ्यासमोर बसलेला पोरगा नेमका खोलीच्या शोधात होता. मी विचारात पडलो की तो खिडकी बघायचा, पंखा बघायचा, कॉट कुठं मावेल त्याचा अंदाज घ्यायचा. असा संताप आला! बाकीचे डाव संपले, दोन्हीकडं सारखे गुण झाले आणि सगळी मंडळी माझ्या पटाभोवती गोळा झाली. मालक हाताची घडी घालून माझ्या पाठीशी उभे.

माझं प्यादं वजीर व्हायला एकच घर उरलं होतं. त्याचंही एक प्यादं पळत होतं, पण मी पुढं होतो. घड्याळात मिनिटभरही शिल्लक नव्हतं. प्यादं शेवटच्या घरात ढकललं, त्याच्या बाजूला पडलेल्या मेलेल्या मोहऱ्यांतून एक उचललं, ठेवलं, घड्याळ दाबलं.

मालक पटावर वाकले. मी पटाकडं बघितलं. घोडा ठेवला होता.

आमच्या घरी देशी बुद्धिबळ. प्यादं ज्या घरात पोचेल त्या घरचं मोहरं होतं. घोड्याच्या घरात घोडा, हत्तीच्या घरात हत्ती. मी पोचलो होतो घोड्याच्या घरात. क्लबात येऊन नवे नियम तोंडपाठ केले होते, कुठल्याही घरात वजीर करता येतो, पण घाई झाली तशी हातानं जुनंच केलं. ठेवलेलं मोहरं बदलता येत नाही. माझा घोडा कडेला अडकून पडला आणि त्या पोरानं हत्तीच्या घरात जाऊन खुशाल वजीर केला. थोड्या वेळानं मी हार मानून राजा आडवा केला.

मग त्यानं डाव मागं घेऊन दाखवला. पोरगा उर्मट नव्हता. हळू आवाजात म्हणाला, "सर, इथे वजीर केला असता तर दोन चालींत मी मेलो होतो."

मालकांनी त्या घरात वजीर ठेवून बघितला, काढला, पुन्हा ठेवला. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"काका, घरच्या सवयीनं..." मी म्हणालो.

त्यांनी खिशातून किल्ली काढून त्या पोरापुढं ठेवली.

पुढच्या शनिवारी पाय आपोआप तिकडं वळले. खोलीच्या खिडकीत टॉवेल वाळत होता. मी मागं फिरणार तोच वट्यावरून हाक आली, "पावनं, कुटं निघाला?" मालक पट मांडून एकटेच बसले होते.

"मीबी घोडाच ठिवला असता," माझ्याकडं न बघता ते म्हणाले. "बसा. आज आपल्या नियमानं खेळू."