चारशे सतरा नंबरचा जबडा

मास्तर कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या, कॅपा आणि तारेच्या प्लेटा बनवून देणाऱ्या एका लॅबमध्ये ते एकतीस वर्षं काम करत होते. तिथे आलेल्या प्रत्येक नव्या माणसाच्या हाताला वळण त्यांनीच लावलं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. लॅब म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत भिंतीला लागून लांब टेबल, त्यावर दिवे, मेणाच्या वड्या आणि बारीक चाकू. मागच्या खोलीत भट्टी, प्लास्टरची पोती आणि घासायचं मशीन. दवाखान्यांतून लोकांचे प्लास्टरमध्ये ओतलेले जबडे खोक्यात भरून येत आणि कामाची चिठ्ठी त्याला रबराने बांधलेली असे.

त्या चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, हा मास्तरांचा नियम. नंबर, वय आणि काम, बस्स. "उद्या ओळखीतल्याच कुणाचे दात टेबलावर यायचे," ते म्हणत, "आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच्या कवळीवर चर्चा व्हायची. ते आपल्याला नको." दवाखानेही आता सरावले होते.

नाव नसलं तरी मास्तरांना जबडा वाचता येई. माणूस कुठल्या बाजूने चावतो, ब्रश कसा रगडतो, वय किती, सगळं ते प्लास्टरवर बोट फिरवून सांगत. शेजारच्या टेबलावर कॅपांना रंग देणाऱ्या ताई होत्या. वीस वर्षं त्या मास्तरांना ऐकत आणि टोमणे मारत आल्या होत्या.

"मास्तर, आता याच्या बायकोचा स्वभावही सांगा की."

"सांगतो. हा रात्रभर दात खातो, म्हणजे दिवसा बोलायची सोय नाही. आता तुम्हीच ओळखा."

दातांच्या बाबतीत मास्तरांचा शत्रू एकच, साखर. त्यांच्या वडिलांना गोडाचं वेड होतं आणि पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या तोंडात एक दात उरला नव्हता. त्यामुळे मास्तरांच्या घरात साखरेचं पेय आलं नाही. एकुलती एक लेक अकरा वर्षांची झाली आणि मैत्रिणींसारखं थंड काहीतरी प्यायला मागू लागली, तेव्हा त्यांनी डाएट सोड्याचा तोडगा काढला. साखर शून्य. पहिल्यांदा एक बाटली आली, मग दोन, मग दर शनिवारी अख्खं खोकं येऊ लागलं. बाप-लेकीची ती खास गोष्ट झाली. लेक अभ्यासाला बसली की बाटली शेजारी. एक घोट, एक पान, एक घोट, एक पान. मास्तर स्वतः लॅबमध्ये दिवसाला तीन-चार डबे रिचवत.

"त्यात काही म्हणजे काहीच नाही," ते बायकोला ठणकावून सांगत.

"काहीच नाही ना? मग खोकं उचलून आणताना तुमची कंबर का धरते हो?" बायको विचारी. "आणि काहीच नसलेलं प्यायचं तर पाणी प्या की."

"तुला नाही कळायचं. दातांचं मला सांगतेस?"

यावर बायको विषय सोडून देई, कारण दातांच्या बाबतीत घरात मास्तरांचा शब्द शेवटचा होता. अशी नऊ वर्षं गेली. लेक वीस वर्षांची झाली, कॉलेजात गेली. अलीकडे ती घुमी झाली होती. हसायची वेळ आली तर ओठ मिटून हसे, रस्त्याने चालताना तोंडावर रुमाल धरी, जेवताना घास एका गालात ठेवून सावकाश चावत बसे. "तोंड शिवलंय का गं?" असं मास्तर विचारत, आणि ती उठून आपल्या खोलीत निघून जाई. वय आहे, फुगते, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

त्या मंगळवारी सकाळी चारशे सतरा नंबरचं खोकं त्यांच्या टेबलावर आलं. आत दोन पुड्या. त्यांनी खालच्या जबड्याची पुडी सोडली, जबडा दिव्याखाली धरला आणि तोंडाने 'च्' असा आवाज काढला.

"ताई, हे बघा. दाढांचे माथे बघा."

दाढांवर जिथे उंचवटे असायला हवेत तिथे वाटीसारखे खळगे पडले होते. एका दाढेत जुनं सिमेंट भरलेलं होतं. त्याच्या भोवतीचा दात झिजून ते बेटासारखं वर उरलं होतं. समोरचे दात गुळगुळीत आणि आखूड, साबणाची वडी वापरून वापरून व्हावी तसे.

"दात खाणारा आहे?" ताईंनी विचारलं.

"छे. घासून झिजला तर दात सपाट होतो. हा विरघळलाय. आंबटाने. साठीच्या पुढचा माणूस आहे. एक तर रोज उलट्या होतात, नाहीतर जन्मभर लिंबं चोखली. बिचाऱ्याला थंड वारा लागला तरी कळ येत असेल. आणि कुणाचं लक्ष नाही! घरात माणसं असतील की नाही याच्या?"

त्यांनी चिठ्ठी पाहिली. वय: २०. मास्तर हसले. "बघा, दवाखान्यातल्या पोरींचं लक्ष कुठे असतं ते." त्यांनी खिशातलं पेन काढलं, वीसवर आडवी रेघ मारली, वर ठळक साठ लिहिलं आणि बाजूला आपली सही ठोकली. चूक दिसली की दुरुस्त करून सही करायची, हीसुद्धा त्यांचीच शिस्त. मग पुन्हा असं होऊ नये म्हणून दवाखान्यात फोन लावला. फोन डॉक्टरीणबाईंनीच उचलला. पंधरा वर्षांची ओळख.

"मॅडम, चारशे सतरामध्ये वय चुकलंय. मी साठ करून घेतलंय."

मग त्या म्हणाल्या, "ते काम तुमच्याकडे आलं?"

"म्हणजे? माझ्याकडेच येतं की सगळं."

"मी ते दुसऱ्या लॅबला द्यायला सांगितलं होतं, मास्तर. सवयीने तुमच्या खोक्यात पडलं असणार." त्यांनी आवाज खाली आणला. "वय बरोबर आहे. यापुढे मी फोनवर काही बोलू शकत नाही. पेशंटला शब्द दिलाय. तुम्ही ते खोकं परत पाठवा. उघडू नका."

मास्तरांनी फोन ठेवला. एकतीस वर्षांत कुठल्याही डॉक्टरने त्यांना खोकं उघडू नका असं सांगितलं नव्हतं. त्यांनी दुसऱ्या पुडीकडे पाहिलं. परत पाठवायला हवं होतं. त्यांनी ती सोडली.

वरचा जबडा. समोरच्या दोन दातांच्या डावीकडचा तिसरा दात किंचित वळलेला, जणू शेजारच्याला वाट देतोय. हा दात त्यांनी सरळ करायला घेतला होता. स्वतःच्या हाताने तार वाकवून प्लेट बनवली होती. लेकीने ती सहा महिने लावली आणि सहलीला गेली तेव्हा हरवली. तो दात अर्धवट वळलेलाच राहिला होता.

हातातला जबडा खाली ठेवायचं त्यांना सुचेना.

"मास्तर? अहो मास्तर! पांढरेफटक पडलात." ताई उठून आल्या. त्यांनी जबडा पाहिला, चिठ्ठीवरची खाडाखोड पाहिली. "कुणाचा आहे?"

"माझ्या चिमणीचा."

ताईंनी स्टूल ओढून त्यांच्या मागे ठेवलं. टेबलाच्या कोपऱ्यात मास्तरांचा सकाळचा डबा होता, अर्धा प्यायलेला. त्याच्या मागे, हातभर अंतरावर, कॅपा साफ करायच्या आम्लाची बाटली होती. तिला हात लावताना ते न चुकता हातमोजे घालत, नव्या माणसाला पहिल्या दिवशी तेच शिकवत. त्यांनी डबा उचलून त्यावरची बारीक अक्षरं वाचली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. साखरेची ओळ त्यांना पाठ होती. तिच्या वर-खाली काय लिहिलंय ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. दोन आम्लांची नावं तिथे सरळ छापलेली होती. कुणी लपवलं नव्हतं.

"मी विचारलं ताई, की घरात माणसं आहेत की नाही," ते म्हणाले. "तुम्ही ऐकलंत ना?"

"बसा तुम्ही आधी."

ते बसले नाहीत. दुपारीच घरी गेले. बायकोने दार उघडलं आणि त्यांचा चेहरा पाहून हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिली. लेक आपल्या खोलीत पुस्तक घेऊन बसली होती. शेजारी बाटली होती.

"तोंड उघड," मास्तर म्हणाले.

लेकीने एकदम ओठ घट्ट मिटले. मग तिला कळलं. "डॉक्टरांनी सांगितलं? त्यांनी शब्द दिला होता मला!"

"त्यांनी नाही सांगितलं. खोकं माझ्या टेबलावर आलं. मी चिठ्ठीवर साठ वय लिहिलं, बाळा. तुझं."

ती हसली नाही. मग तिने तोंड उघडलं. मास्तर खिडकीशी तिची हनुवटी धरून वाकले. समोरच्या दातांच्या कडा काचेसारख्या झाल्या होत्या, आरपार. लोकांची हजारो तोंडं वाचलेल्या या माणसाने घरातल्या या तोंडात किती वर्षांत डोकावून पाहिलं नव्हतं, ते त्यांना आठवेना.

"कधीपासून दुखतंय?"

"दोन वर्षं. थंड लागलं की. मग वारा लागला तरी. हसलं की वारा लागतो, म्हणून..." ती थांबली. "आधी मला वाटलं डोक्यातल्या नसेचं काहीतरी आहे. सोड्याचं मनातच आलं नाही, डॉक्टरांनी आंबट काय खातेस-पितेस विचारलं तेव्हाही. त्यात काही नसतं ना?"

"मग मला का नाही सांगितलंस?" बायको दारातून म्हणाली.

"आई, बाबांना कळलं असतं की! एवढे दातांचे मास्तर, आणि आपल्याच घरात... मला यांचं तोंड बघवलं नसतं."

"आता बघ," मास्तर म्हणाले, आणि पलंगाच्या कडेवर बसले.

दुसऱ्या दिवशी तिघंही डॉक्टरीणबाईंसमोर बसली. बाईंनी आधी लेकीची परवानगी घेतली आणि मग आडपडदा ठेवला नाही. दाताचं वरचं कवच एकदा गेलं की परत येत नाही. साखर नसली म्हणून सोडा दाताला सौम्य होत नाही. त्यातली आम्लं आपलं काम करतातच. त्यात एका दमात पिण्यापेक्षा दिवसभर घोट घोट घेणं वाईट, कारण तोंडाला सावरायला वेळच मिळत नाही. उरलेलं वाचवता येईल. समोरचे दात भरून वाढवायचे, दाढांवर पातळ आवरणं बसवायची.

"हिला झोप लागत नाही, उगाच चिडते," बायकोने विचारलं. "तेही यानेच?"

"कोला असेल तर त्यात कॅफिन असतं. संध्याकाळी घेतलं तर झोपेचं खोबरं होऊ शकतं. बाकी मनावर, वजनावर काय परिणाम होतो यावर कुणी काही म्हणतं, कुणी काही. मी छातीठोकपणे सांगणार नाही. दोन वर्षं दात दुखत असतील तर कुणीही चिडेल, एवढं मात्र सांगते." मग त्या मास्तरांकडे वळल्या. "काम दुसऱ्या लॅबला देऊ?"

मास्तरांनी लेकीकडे पाहिलं.

"बाबांनाच करू दे," ती म्हणाली. "दुसऱ्यांचं काम यांना पसंत पडायचं नाही. माझ्या तोंडातच खोट काढत बसतील."

त्या आठवड्यात मास्तरांचं डोकं ठणकत होतं. चार डब्यांची सवय एका दिवसात तोडली होती. ताई म्हणत, "हळूहळू सोडा हो," आणि ते मानेनेच नाही म्हणत. आधी मेणाचे दात करायचे होते. झिजलेल्या जबड्यावर मेण चढवून दात मुळात कसे होते तो आकार उभा करायचा, आणि तो बघून डॉक्टरीणबाई खरं काम करणार. मास्तरांनी चाकू तापवला, मेण उचललं, आणि हात तसाच अधांतरी राहिला.

"काय झालं?" ताईंनी विचारलं.

"किती उंच होते तेच मला माहीत नाही."

दुसऱ्या कुणाचं असतं तर त्यांनी अंदाजाने चढवलं असतं. त्यांनी मोबाईलमध्ये लेकीचे फोटो शोधायला घेतले. या वर्षीचे, ओठ मिटलेले. गेल्या वर्षीचे, मिटलेले. त्याच्या आदल्या वर्षीचे, तोंडावर हात. ते मागे मागे जात राहिले. हे फोटो त्यांनी स्वतःच काढले होते. शेवटी त्यांनी घरी फोन लावला.

"चिमणे, तू दात दाखवून हसलेला एखादा फोटो आहे का तुझ्याकडे?"

थोड्या वेळाने फोटो आला. ती पंधरा-सोळा वर्षांची, अंगणात खुर्चीवर मागे रेलून खो खो हसतेय, सगळे दात दिसतायत. हातात उघडा डबा. शेजारी मास्तर, तसाच डबा उंच धरून. ताईंनी खांद्यावरून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

मास्तरांनी फोटो मोठा केला, वळलेल्या दाताच्या रुंदीवरून हिशेब बांधला आणि बारीक पट्टी प्लास्टरवर टेकवली. दीड मिलीमीटर उंची गेलेली. कुठे दोन. त्यांनी आकडा पुन्हा मोजला. तोच आला.

पुन्हा फोन वाजला.

"बाबा, मिळाला ना? आधी होते तसेच करा हं. जास्त छान नको. आणि तो वाकडा सरळ करू नका."

"नाही करत," मास्तर म्हणाले, आणि मेणाचा पहिला थेंब समोरच्या दातावर सोडला.